सासरेबुवांच्या बोटीचा डेक

३ मार्च, सकाळ

आजपासून कामाची रोज नोंद. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं क्वालिटीत काढली, नोंद केल्याशिवाय एक वॉशरही पुढे जाऊ दिला नाही. बोटीलाही तोच नियम.

काम असं. सासरेबुवांची शिडाची बोट. चोवीस फुटी, फायबरची, वय वर्षं अडतीस. दोन वर्षं यार्डात लाकडी घोड्यांवर उभी आहे. उजव्या बाजूच्या कठड्याच्या एका खांबापाशी डेक मऊ झालाय, पाय दिला की गादीसारखा दबतो. सासरेबुवांनी तिथे पेन्सिलने गोल काढून ठेवलाय, जेवणाच्या ताटाएवढा. डेक म्हणजे वर फायबरचा थर, खाली फायबरचा थर, मध्ये हलकं लाकूड. बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं आणि लाकूड कुजतं. वरचा थर कापायचा, कुजकं काढायचं, नवं लाकूड चिकटवायचं, वरचा थर परत बसवायचा. आठ दिवसांचं काम. दहा धरू.

घाई एवढ्यासाठी की चोवीस मेला मेहुणा सासरेबुवांना कायमचं त्याच्याकडे घेऊन जाणार. दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात, वय ब्याऐंशी, आता गुडघे जिना मानत नाहीत. मेहुण्याच्या गावाला समुद्र नाही. नदीही नाही. एक तलाव आहे म्हणे, त्यालाही कुंपण. जाण्याआधी त्यांना एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या बोटीतून चक्कर मारायची आहे. बायको म्हणाली, कुणी चांगला मिस्त्री बघू या. मी म्हटलं, घरात माणूस असताना बाहेर कशाला शोधायचा.

बोट पाण्यात सोडायला मोठी भरती लागते, ती दर पंधरा दिवसांनी येते. चार एप्रिलची पक्की. सगळ्यात शेवटची वीस मे, पण तिची वेळच येणार नाही.

५ मार्च

यार्डाचा मिस्त्री भेटला. माणूस कामाचा, पण हल्लीच्या सगळ्यांसारखा तोंडातल्या तोंडात बोलतो. डेकची परीक्षा कशी करायची ते हातोडीच्या दांड्याने ठोकून दाखवलं. लाकूड चांगलं असेल तिथे टक् वाजतं, कुजलं असेल तिथे थप्. नीट ऐका, म्हणाला.

हे मला सांगतोय. प्रेस शॉपमध्ये दहा मशीन एकदम चालू असताना कुठल्या मशीनचं बेअरिंग जाणार ते मी पाठमोरा उभा राहून सांगायचो. माझ्या कानावर अख्खी कंपनी विसंबून होती. बाकीचे कानात बोळे घालून काम करायचे. मी एकतीस वर्षांत एकदाही घातले नाहीत. ज्याचं हत्यारच कान, त्याने कान झाकायचे कसे?

खडू घेऊन डेकवर एक फेरी मारली. गोलाच्या आत थप्. गोलाच्या बाहेर थप्. पार पुढच्या टोकापर्यंत गेलो, थप् थप् थप्. सासरेबुवा म्हणतात, गेल्या वर्षी त्यांनी स्वतः सगळा डेक ठोकून बघितलाय, बाकी ठणठणीत आहे. ब्याऐंशी वर्षांच्या कानांवर किती भरवसा ठेवायचा? शिवाय आपला तो बाब्या. मी त्यांना तसं बोललो नाही. मोठ्यांचा मान राखावा.

९ मार्च, दुपार

डेक उघडला. ग्राइंडरला पातळ चकती लावून पेन्सिलच्या रेघेवर फिरवली. वरचा थर सालासारखा सुटला. आत काळं, ओलं, वापरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं लाकूड. बोटाने उकरून निघालं. वास असा की पलीकडच्या बोटीवरचा माणूस काम टाकून खाली उतरला. एका दिवसात दोन तुकडे कापून तेवढा भाग स्वच्छ केला.

निदान अचूक. या वेगाने वीस मार्चलाच संपेल.

१० मार्च

अंग खाजतंय. फायबरची धूळ. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

ही धूळ गार पाण्याने धुवायची असते. गरम पाण्याने ती जास्तच आत शिरते. मी गरम पाण्याने आंघोळ केली. बायको म्हणते, तिने बाथरूमच्या दाराशी उभं राहून तीनदा ओरडून सांगितलं. सांगायचं तर समोर येऊन सांगावं.

१४ मार्च

ओल मोजायचं मीटर आणलं. ओल असेल तिथे बीप वाजते, असं डब्यावर लिहिलंय. कुजक्या जागी टेकवलं. गप्प. चांगल्या दिसणाऱ्या जागी टेकवलं. गप्प. बादलीतल्या पाण्याला लावलं. तरी गप्प. स्क्रीनवर आकडे येतात, आणि ते आकडे सांगतात की गोलाच्या बाहेर सगळीकडे खडखडीत कोरडं आहे. ज्याला साधी बीप वाजवता येत नाही त्याच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

१६ मार्च

मीटर परत केलं. दुकानदाराने हात ओला करून तळव्यावर टेकवलं आणि म्हणाला, वाजतंय की. मी म्हटलं, कुठे? पुन्हा टेकवलं. रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, एकतीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला तुम्ही बीप शिकवू नका. त्याने मीटर ठेवून घेतलं आणि मला दारापर्यंत सोडायला आला. चेहऱ्यावर अपराधीपणा दिसत होता. चूक कळली की माणसं अशी नरमतात.

२३ मार्च

गोलाच्या बाहेरचे दोन तुकडे कापले, प्रत्येकी उशीएवढे. इथलं कुजकं लाकूड विलक्षण चिवट निघालं. रंग पिवळसर, कोरडं, वरच्या थराला गच्च चिकटलेलं. पटाशीने एकेक चिपटी उडवावी लागली. चार दिवस गेले, दोन पटाश्या गेल्या आणि डाव्या अंगठ्याचं नख गेलं. कुजण्याची ही अगदी सुरुवातीची पायरी असणार. डोळ्यांना दिसत नाही, फक्त आवाजात कळते. नुसत्या डोळ्यांवर काम करणारा इथे हमखास फसला असता.

मिस्त्री खाली येऊन उभा राहिला. पडलेली एक चिपटी उचलली, हुंगली, मोडायला गेला तर मोडेना. वर बघून काहीतरी म्हणाला. माझ्या हातात ग्राइंडर चालू. मी म्हटलं, हो. तो पुन्हा काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, हो हो, बरोबर आहे. तो ग्राइंडरच्या वेळी कानाला लावायचे ते मफ माझ्या शिडीवर अडकवून निघून गेला. भावना चांगली आहे. मी वापरणार नाही.

२९ मार्च

कंबर धरली. आज यार्डात गेलो नाही. घरी टीव्ही बघत बसलो. बातम्या देणाऱ्यांना हल्ली बोलायला कुणी शिकवत नाही, सगळे ओठातल्या ओठात पुटपुटतात. आवाज वाढवला तर बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. तीही पूर्वीसारखी राहिली नाही. वाक्याची सुरुवात करते आणि शेवट गिळून टाकते. वयाचा परिणाम. मी समजून घेतो.

४ एप्रिल

भरती आली. सहा बोटी सुटल्या. आपली नाही. घाईत केलेलं काम पाण्यात जातं, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आपलं तर पाण्यातही जात नाही. हे मात्र तिने समोर येऊन सांगितलं.

एकोणीस एप्रिल पक्की.

१२ एप्रिल

आज दुपारी सासरेबुवा टॅक्सी करून यार्डात आले. काठी टेकत शिडीपर्यंत आले, शिडी काही चढवत नाही. ते खाली, मी वर. मान वर करून बराच वेळ बोलत होते. कुणीतरी पाण्याचा पंप चालू ठेवला होता, वाराही होता. मध्येच हाताने दाखवायचे, आधी डेककडे, मग पाण्याकडे. डोळे भरून आले होते. मी किती वेळा हो म्हणालो ते मोजलं नाही. जावई इतकं मनापासून करतोय याचं कौतुक करत होते हे उघड होतं. शेवटी शिडीच्या पायरीवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. मी वरून म्हटलं, तुम्ही निश्चिंत राहा, सगळा डेक नवा करून देतो. ते थबकले, माझ्याकडे बघत राहिले आणि मग मान हलवून टॅक्सीकडे गेले.

कौतुकाने हुरूप येतो. संध्याकाळपर्यंत आणखी तीन तुकडे कापले.

१९ एप्रिल

भरती आली, गेली. आता चार मे.

आज नवं लाकूड चिकटवायला सुरुवात करणार होतो. रेझिनमध्ये हार्डनर घातला की पंधरा मिनिटांत वापरून संपवायचं, नाहीतर डब्यातच उकळायला लागतं. म्हणून स्वयंपाकघरातलं टायमर मुद्दाम नेलं होतं. चौदा मिनिटांचं लावलं, खिशात ठेवलं आणि निवांत लाकडाचे चौकोन जुळवत बसलो. टायमर वाजलंच नाही. खाली कुणीतरी हातवारे करत होतं म्हणून मागे वळलो तर डब्यातून धूर. डबा धरायला गेलो, बोटं भाजली. मिस्त्रीने वर येऊन फावड्याने डबा उचलला आणि वाळूत टाकला. मग माझ्या खिशातून टायमर काढलं, कानाशी धरलं, बंद केलं आणि माझ्या हातात दिलं. बंद टायमर बंद करण्याचं कारण कळलं नाही.

नवं टायमर आणणे. तेही स्वस्तातलं नको.

२८ एप्रिल

थकलो आहे. वहीत तरी खरं लिहावं.

चौदा तुकडे कापून झाले. सकाळी सातला जातो, एकपर्यंत गुडघ्यांवर असतो. गुडघ्याखाली पोतं घेतो तरी उठताना खांब धरावा लागतो, आणि खांबही आता थोडेच उरलेत, बाकीचे मीच काढून ठेवले. कातडीला खाज, बोटांना फोड, नाकात रेझिनचा वास. जेवणाला चव नाही. डेक जितका उघडावा तितका सडलेला निघतो. मला कळत नाही, ही बोट अडतीस वर्षं तरंगली कशी?

पण हाती घेतलेलं काम अर्ध्यात सोडणारा मी नव्हे. उद्यापासून साडेसहाला जायचं.

२९ एप्रिल

गेलो नाही.

५ मे

कालची भरती गेली. बायकोशी जोरात वाजलं. ती म्हणते, बाबा रोज विचारतात, बोट कुठवर आली. रोज खिडकीत बसून वाऱ्याचा अंदाज घेतात. जुना रेनकोट कपाटातून काढून खुर्चीवर टाकून ठेवलाय. तिला त्यांना एकदा बोटीवर आणायचं आहे. मी म्हटलं, पूर्ण झाल्याशिवाय नाही. अर्धवट काम दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. ती म्हणाली, आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? तो कारखाना बंद होऊन वर्ष झालं.

पुढचं काही बोलली ते ऐकू आलं नाही, ती पाठ फिरवून बोलत होती. मी हो म्हटलं. त्यावर ती रडली. बायकांचं काही समजत नाही, हो म्हटलं तरी रडतात.

११ मे

एकोणीस तुकडे. पुढच्या भागातला हातभर पट्टा सोडला तर सगळा डेक उघडा. नवं लाकूड बसवलंय फक्त चार ठिकाणी. वीस मेला नऊ दिवस. रोज चार तुकडे बसवले तर चार दिवसांत होतं, वरचा थर दोन दिवस, घासणं एक दिवस, रंग एक दिवस. एकूण आठ. एक दिवस हातात राहतो. हिशेब चोख आहे.

१३ मे

काल आणि आज मिळून एक.

१७ मे

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला बायको सासरेबुवांना घेऊन आली. मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. मिस्त्रीने कठड्याची मोठी शिडी, जिन्यासारखी, आधीच लावून ठेवली होती. दोघांनी धरून त्यांना वर आणलं. एकेका पायरीवर दोन-दोन मिनिटं थांबत होते. वर आले आणि बोटीकडे बघत उभे राहिले. डेक नव्हताच बघायला. खालचा थर तेवढा, त्यावर माझ्या गुडघ्यांच्या खुणा आणि भुसा. बायकोने तोंडावर हात ठेवला. मी लगेच समजावून सांगायला लागलो, सड किती खोलवर गेली होती, वेळेत कसं लक्षात आलं.

सासरेबुवा सुकाणूपाशी बसले. पुढच्या भागात न कापलेला जो पट्टा राहिला होता त्याच्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने ठोकलं. मग सासरेबुवा म्हणाले, कापलेले तुकडे आणा. मी काढलेला माल कधी टाकत नाही, एकोणीसही तुकडे नंबर घालून ताडपत्रीखाली ठेवले होते. ज्यांचं लाकूड निघता निघेना त्यांच्या पाठीला ते तसंच होतं. मिस्त्रीने एकेक त्यांच्या मांडीवर ठेवला. ते खिशातल्या किल्लीने ठोकायचे आणि बाजूला ठेवायचे. दोन तुकडे डावीकडे, सतरा उजवीकडे.

मग मला जवळ बसवलं. डावीकडचा एक ठोकला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थप्. उजवीकडचा ठोकला. मी म्हटलं, थप्. दोन्हींत काही फरक, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, दोन्ही कुजके. मिस्त्री पाण्याकडे बघायला लागला. त्यांनी बायकोला डोळे मिटायला सांगितलं आणि पुन्हा ठोकलं. ती न चुकता सांगत गेली. टक्. टक्. थप्. टक्. एकही चुकली नाही. तिने आयुष्यात कधी मशीनचं बेअरिंग ऐकलेलं नाही.

सासरेबुवांनी किल्ली खिशात ठेवली. माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलले, त्यामुळे मला सगळं समजलं. "जावईबापू, त्या दिवशी मी खाली उभा राहून काय सांगितलं होतं, आठवतं?"

मी म्हटलं, काम चांगलं चाललंय म्हणालात.

"मी म्हटलं होतं, आता पुढे कापू नका. जेवढं उघडलंय तेवढ्यावर प्लाय ठोका, वर पट्ट्या मारा आणि मला इंजिनवर तासभर फिरवून आणा. शिडं नकोत, काही नको. डेक पुढे सावकाश करा. तुम्ही हो म्हणालात. चार वेळा."

बायकोने विचारलं, बाबा, तुम्ही पुन्हा का नाही सांगितलंत? मला का नाही बोललात? ते म्हणाले, जावयाला एकदा सांगितलं ते सांगितलं. हो म्हणून मग केलं नाही, तर त्यांचं काहीतरी कारण असेल. जावयाच्या मागे लागणं बरं दिसत नाही.

मिस्त्रीही मग बोलला. त्याने मार्चमध्येच दोनदा सांगितलं होतं की लाकूड सोन्यासारखं आहे. मी म्हटलं होतं, हो हो, बरोबर आहे. साहेब कळून-सवरून करताहेत म्हटल्यावर तो कोण बोलणारा.

सासरेबुवा अर्धा तास तिथेच बसून होते. सुकाणूला त्यांनी हात लावला नाही.

१८ मे

रात्री विचार केला, उलगडा झाला. कानात फायबरची धूळ साचली असणार. अडीच महिने ग्राइंडरखाली काम, दुसरं काय होणार. एकदा कान धुतले की झालं. बायकोला म्हटलं, डॉक्टरची वेळ घे. तिने घेतलेली होती. सहा वर्षांत ती म्हणे तिसऱ्यांदा घेत होती. आधीच्या दोन मी रद्द केल्या होत्या, हे मला आठवत नाही. म्हणजे आठवतं.

२० मे

भरती आली. यार्डात गेलो नव्हतो. बायको सासरेबुवांकडे होती. ते खिडकीत बसून होते म्हणाली. रेनकोट परत कपाटात ठेवला.

२२ मे

डॉक्टरने कानात दिवा घालून बघितलं. धूळ नाही. मळही नाही. म्हणाला, इतके स्वच्छ कान फार कमी लोकांचे असतात. मी बायकोकडे बघितलं. मग त्याने तपासणीच्या बाईंकडे पाठवलं.

खोली लहान, भिंतींना स्पंज, एका बाजूला काच. काचेपलीकडे बाई आणि त्यांचं मशीन. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, अगदी बारीक आला तरी दाबायचं. परीक्षा म्हटलं की मला अजूनही जोर येतो. ठरवलं, एकही सोडायचा नाही. सुरुवातीला घूं घूं असे जाड आवाज आले, सगळ्यांना लगेच दाबलं. मग बंद झाले. मशीन अडकलं असणार. काचेतून दिसत होतं, बाई खाली मान घालून काहीतरी फिरवत होत्या, लिहीत होत्या, दुरुस्तीच चालली होती. मी अंगठा बटणावर टेकवून तयारीत बसलो. हलायचं नाही, श्वासाचा आवाजही मध्ये येऊ द्यायचा नाही. बराच वेळ गेला. अंगठ्याला रग लागली. माणसाने आपलं मशीन तरी सकाळी तपासून ठेवावं, असं मनात आलं.

दार उघडून बाई आत आल्या. मी म्हटलं, माझी तयारी आहे, करा सुरू.

त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "झालं काका. दोन्ही कानांचं झालं."

कागद दाखवला. रेघ डावीकडून सरळ येते आणि मग खाली, खाली, पार तळाला. बाईंनी त्या तळावर बोट ठेवलं. पक्षी, शिट्टी, टायमर, लाकडावर ठोकलेलं, बायकांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं, सगळं इथे असतं म्हणाल्या. नोकरी कुठे होती? सांगितलं. किती वर्षं? सांगितलं. कानात काही घालत होता का? मी कागद बघत राहिलो. एकतीस वर्षं मी ज्याच्या जिवावर पोट भरलं, तो कान त्याच कामात गेला, आणि मला वाटत होतं जग हळू बोलायला लागलंय.

घरी येताना गाडीत बायकोला म्हटलं, तू वाक्याचा शेवट गिळतेस असं मला वाटायचं. ती म्हणाली, माहीत आहे, तुझ्या तोंडावर दिसायचं. सहा वर्षं मनातल्या मनात तिला बोल लावत आलो. तिची माफी मागायला हवी होती. गाडी वळत होती, राहून गेलं.

कानाचं मशीन पुढच्या आठवड्यात मिळणार.

२४ मे, दुपार

मेहुणा सकाळी गाडी घेऊन आला. सामान फार नव्हतं. दोन बॅगा, औषधांचा डबा, बसायची एक उशी. बोटीबद्दल त्याने मला काही विचारलं नाही, म्हणजे त्याला सगळं सांगितलेलं होतं.

मी काल एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी डेक पूर्ण करतो आणि मी स्वतः तुम्हाला न्यायला येतो, असं. त्यावर ते असू दे म्हणतील, हेही धरून ठेवलं होतं. माझ्या लग्नापासून मी त्यांच्या तोंडून असू देच ऐकत आलोय. लग्नात माझ्या मित्रांनी त्यांची गाडी ठोकली तेव्हाही ते असू देच म्हणाले होते.

त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मी खिडकीशी गेलो आणि वाक्य सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी हात बाहेर काढून माझ्या मानेमागे ठेवला, मला खाली ओढलं आणि तोंड कानाशी आणलं. ओरडले नाहीत, नेहमीच्या आवाजातच बोलले.

"मला फार वाईट वाटलं, जावईबापू. तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगतो."

एकदाच म्हणाले. मला शब्दन् शब्द ऐकू आला. वाक्य तसंच राहिलं. मेहुण्याने गाडी सुरू केली, ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. बायकोने समोर येऊन विचारलं, बाबा काय म्हणाले?

मी तिला जसंच्या तसं सांगितलं.